बेटावर लहान लॉज आहे. व्यापाऱ्यांच्या चेंबरच्या सामूहिक सोलर योजनेत सामील व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की अंदमानच्या स्वराज द्वीपवर (जुनं हॅवलॉक) आठ खोल्यांचं लॉज आहे, लाइट गेली की डिझेल जनरेटर लावता, आणि आता चेंबर सभासदांसाठी मिळून सोलर घेऊ म्हणतंय. जरूर सामील व्हा, पण चेंबर खरेदीबरोबर देखभालही अंगावर घेणार असेल तरच. बेटांवर सोलर बंद पडतं ते उन्हाअभावी नाही. एखादा साधा सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस वेळेवर मिळत नाही म्हणून पडतं.

आधी डिझेलचा हिशेब करा. भरपूर लोडवर लहान जनरेटर लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो. रात्री दोन फ्रीज आणि पंख्यांसाठी २५ केव्हीएचा चालवलात तर दोनही मिळत नाहीत. ९० रुपये लिटर धरलं तर नुसतं इंधनच युनिटला २६ रुपयांपासून ४५ रुपयांच्याही वर जातं. तुमच्याकडचा भाव घालून पाहा.

आता लोड. एसी बॅटरीवर घ्यायच्या फंदात पडू नका. आठ एसी रात्रभर चालले तर ५० युनिट सहज जातात आणि तेवढी बॅटरी लहान धंद्याला परवडत नाही. पंखे, दिवे, वायफाय, डीप फ्रीझर एवढंच बॅटरीवर ठेवा. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर हा लोड साधारण १ किलोवॅटच्या आत बसतो. सहा तासांसाठी ६ युनिट लागतील. तोटा आणि राखीव धरून ८ ते १० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. पंप, वॉशिंग मशीन आणि पाणी तापवणं दिवसा उन्हावर उरका. पंपाची मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते. तिला हळूहळू वेग देणारं उपकरण (सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी) नसेल तर इन्व्हर्टर ट्रिप होतो, आणि लोक इन्व्हर्टरलाच दोष देतात.

५५० वॅटची १८ पॅनेलं म्हणजे जवळपास १० किलोवॅट. चालायला वाट ठेवून हजारेक चौरस फूट छत लागतं. स्वच्छ दिवशी ४० युनिट मिळतील, पण मे ते नोव्हेंबरच्या पावसात २५ धरूनच चला. तुमचा गर्दीचा हंगाम नेमका कोरड्या महिन्यांत येतो, हे सोयीचंच आहे. माडाची सावली मात्र बघा. एका झावळीची सावली पडली तरी त्या अख्ख्या स्ट्रिंगची (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या ओळीची) वीज घटू शकते.

सर्वांत मोठी फसगत इन्व्हर्टरच्या निवडीत होते. साधा ग्रिड-टाय (फक्त सरकारी लाइनला जोडून चालणारा) इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तुम्हाला हायब्रिड हवा, म्हणजे लाइट गेल्यावरही बॅटरीवर चालणारा. जनरेटरही जोडणार असाल तर त्याच्यावर निदान ३० टक्के लोड ठेवणारा कंट्रोलर मागा. नाही तर सोलर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते.

खाऱ्या हवेसाठी निविदेत स्पष्ट लिहून घ्या: पॅनेलांना मीठ-धुक्याची आयईसी ६१७०१ चाचणी, हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड स्ट्रक्चर, नट-बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे, अॅल्युमिनियम आणि लोखंड भेटतं तिथे इन्सुलेटिंग वॉशर. पॅनेलांच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असाव्यात. वेगवेगळ्या कंपन्यांचे जोडले की तिथे तापून जळतात. पॅनेलांचा कल दक्षिणेला १० ते १२ अंश. त्याहून सपाट ठेवलीत तर पावसानेही मीठ धुऊन जात नाही.

चेंबरचा खरा उपयोग यानंतर सुरू होतो. पंधरा-वीस सभासदांची बारा महिन्यांची बिलं आणि डिझेलच्या पावत्या गोळा करून एकच निविदा काढावी. सगळ्यांना एकाच मॉडेलचे इन्व्हर्टर घ्यावेत, म्हणजे दोन जादा इन्व्हर्टर, फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टर चेंबरच्या कपाटात ठेवले की सगळ्यांचं भागतं. बेटावरचाच एखादा इलेक्ट्रिशियन पुरवठादाराकडे पाठवून शिकवून आणावा. बॅटरी जहाजाने नेताना धोकादायक मालाच्या वर्ग ९ मध्ये येते. यूएन ३८.३ चाचणीचा अहवाल आणि सुरक्षा-पत्रक आधी नसेल तर माल बंदरातच अडकतो. हे कागद पुरवठादाराकडून ऑर्डरआधी घ्यावेत.

पैशांचं थोडक्यात. केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलर योजनेचं अनुदान घरगुती जोडणीलाच मिळतं, लॉजच्या व्यावसायिक जोडणीला नाही. कोणी मिळवून देतो म्हणाला तर सावध राहा. पण आयकरात सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो, आणि उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असेल तर विनातारण कर्जासाठी बँकेकडे सीजीटीएमएसई या सरकारी निधीच्या हमीचा आग्रह धरा. वीजदर ठरवणारा आयोग तुमच्याकडे आणि गोव्यात एकच आहे, जेईआरसी (संयुक्त वीज नियामक आयोग). त्याच्या जाहीर सुनावणीत एकट्या लॉजवाल्याच्या अर्जापेक्षा चेंबरने आकड्यांसह मांडलेलं म्हणणं जास्त ऐकलं जातं. नेट मीटरिंगची (लाइनला दिलेली जादा वीज बिलातून वजा करण्याची) मागणी तिथेच लावून धरा.

डेन्मार्कच्या साम्सो बेटाचं नाव चेंबरच्या बैठकीत कोणी घेईलच. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धेत अक्षय ऊर्जेचं बेट म्हणून ते निवडलं गेलं आणि नंतर ११ पवनचक्क्या जमिनीवर, १० समुद्रात उभ्या राहिल्या. योजना चालवणाऱ्या कंपनीत नगरपालिका आणि शेतकरी संघासोबत तिथलं व्यापारी मंडळही होतं. व्यापाऱ्यांना असं सुरुवातीपासून सोबत घेणं उचलण्यासारखं आहे. पवनचक्क्यांचं गणित मात्र तसंच उचलू नका. साम्सोला मुख्य भूमीशी जोडणारी विजेची केबल आहे, जादा वीज तिकडे जाते आणि कमी पडली तर तिकडून येते. अंदमानला तशी केबल नाही.

सही करण्याआधी करारात एवढं पाहा: बिघाड कळवल्यापासून किती तासांत माणूस येणार, आणि पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आधीच न देता दरवर्षी काम पाहून द्यायचे आहेत का.