पोल्ट्री शेडचा अमोनिया मोजायला भारी ॲनालायझर घेतला की आकडे बिनचूक येतात का?

नाही येत. कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर यंत्राचा आकडा पडताळणं, किती दिवसांनी करायचं हेही तुम्ही विचारलंय, पण खरी गडबड बहुतेक वेळा ॲनालायझरच्या बाहेरच असते.

अमेरिकेत शिकत असताना मी मिडवेस्टमधल्या एका अंडी-फार्मवर दोन हिवाळे हे काम केलं. यंत्रं बाहेर ट्रेलरमध्ये, आणि शेडमधली हवा टेफ्लॉनच्या लांबलचक नळीतून तिथे ओढली जायची. दर आठवड्याला सिलिंडरमधला माहीत असलेला अमोनिया यंत्राला जोडून पाहायचो, आकडा चोख. तरी जानेवारीत पहाटे अमोनिया रोज खाली यायचा. आम्ही खुशाल समजत होतो की थंडीत विष्ठेतून वायू कमी सुटतो! निघालं भलतंच. नळीचा हातभर तुकडा गरम आवरणाबाहेर उघडा राहिला होता. दमट हवा तिथे गार होऊन आत पाणी धरायचं आणि अमोनिया त्या पाण्यात विरघळून जायचा. तेव्हापासून सिलिंडर उचलून थेट शेडमध्ये न्यायचा आणि गॅस नळीच्या पार त्या टोकाने सोडायचा, असा शिरस्ता पडला. शिवाय अमोनिया नळीला चिकटतो, त्यामुळे जागा बदलली की पहिल्या काही मिनिटांचे आकडे सोडून द्यायचे.

त्याहून मोठी चूक पंख्यांत होते. उत्सर्जन म्हणजे बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेतल्या अमोनियाचा फरक, गुणिले हवेचा प्रवाह. हा फरक २० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग), म्हणजे घनमीटरला साधारण १४ मिलिग्रॅम असेल आणि पंखा सेकंदाला १० घनमीटर हवा फेकत असेल, तर दिवसाला १२ किलो अमोनिया होतो. पण पट्टा सैल झाला, झडपांवर धुळीचा थर बसला आणि तोच पंखा ८ घनमीटरच फेकू लागला, की १२ चे साधारण साडेनऊ किलो होतात. कंपनीच्या कागदावर मात्र १० घनमीटरच. म्हणून पंखा जागेवरच, वाऱ्याचा वेग मोजणारी चौकट लावून पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

अमेरिकेची पर्यावरण संस्था (ईपीए) आणि पशुपालक यांच्यातल्या २००५ च्या करारानंतर तिथे २००७ ते २०१० दरम्यान कोंबड्या, डुकरं आणि दुभत्या गाईंच्या फार्मवर मोठी मोजणी झाली. त्या मोजणीत दिवसातले ७५ टक्के आकडे ग्राह्य असतील तरच तो दिवस धरायचा, असा नियम होता. विचित्र दिसतो म्हणून आकडा खोडायचा नाही, त्यामागचं कारण नोंदवहीत सापडलं पाहिजे. आमच्या वहीत 'आज शेड धुतलं' अशी एक ओळ नसती, तर एक अख्खा दिवस आम्ही उगाच बाद केला असता.

तुमचं ईसी शेड (पंख्यांनी हवा नियंत्रित केलेलं बंदिस्त शेड) असेल तर हे सगळं लागू पडतं. पडद्याच्या उघड्या शेडमध्ये मोजायला पंखेच नसतात. तिथे कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून किती कार्बन डायऑक्साइड निघतो यावरून हवेचा अंदाज बांधतात. वारा सुटला की आतल्या-बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडमधला फरकच उरत नाही, म्हणून तेवढे तास हिशेबात धरू नका.