सोतेर्नची वाइन खरंच बुरशी आलेल्या द्राक्षांची असते का?

तुम्ही विचारलंय की फ्रान्सची सोतेर्न ही गोड वाइन बुरशी आलेल्या द्राक्षांपासून करतात हे खरं का, आणि खरं असेल तर ती एवढी महाग कशी.

हो, खरं आहे. मी स्वतः ती द्राक्षं तोडली आहेत. तुलूझला शिकत होतो तेव्हा एका ऑक्टोबरात बोर्दोजवळच्या सोतेर्न भागातल्या बार्साक गावी, एका कुटुंबाच्या बागेत तोडणीला गेलो होतो. आमची तासगावला द्राक्षबाग आहे. कूज दिसली की बाबा घडच काढून बागेबाहेर टाकायचे. इथे मालकीणबाईंनी हातात कात्री दिली आणि नेमके तेच मणी तोडायला सांगितले: तपकिरी-जांभळे, सुरकुतलेले, वर राखेसारखी लव. एक मणी खायला लावला. आधी मध, मग जर्दाळू, शेवटी चांगला लिंबासारखा आंबटपणा. त्याच घडातले पिवळे मणी मात्र वेलीवरच ठेवायचे आणि काही दिवसांनी पुन्हा फेरी मारायची. बोटं इतकी चिकट व्हायची की कात्री सुटत नसे.

सिरोन ही थंड पाण्याची छोटी नदी तिथे गारोनला मिळते, त्यामुळे शरदात पहाटे धुकं दाटतं आणि बोट्रायटिस बुरशी धरते. ती सालीला बारीक छिद्रं पाडते. दुपारच्या उन्हात त्यातून पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा मण्यात दाटतो. आपला बेदाणा शेडमध्ये सुकतो, हे मणी वेलीवरच सुकतात. पण पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी सगळं पीक नासवते. सोतेर्नच्या सर्वात नामांकित वाइनरीने, शातो दिकेमने, २०१२ साली वाइन काढलीच नाही. चांगल्या वर्षीही त्यांच्याकडे एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाइन होते.

म्हणून ती महाग आहे, आणि मला ती किंमत रास्त वाटते. एवढी जोखीम पिढ्यानपिढ्या घेणाऱ्या घराण्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथलीच दुसरी वाइनरी शातो द फार्ग तर १४७२ पासून ल्युर-सालूस घराण्याकडे आहे.

गोडीचं म्हणाल तर ती द्राक्षाचीच. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास गेलं की यीस्ट थकतं आणि उरलेली साखर तशीच राहते.

पहिल्यांदा घेताय तर ३७५ मिलीची अर्धी बाटली घ्या, फ्रिजमध्ये गार करा आणि खारट रोकफोर चीजबरोबर घोट घोट प्या.