निवृत्त झालेल्या लष्करी मालवाहू विमानाचा इतिहास आपल्यासारख्यांनी कसा जपावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा हवाई दलात ॲव्रो या जुन्या मालवाहू विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये (तुकडीत) एअरमन होते, आता ते नाहीत, त्यांची ट्रंक घरात पडून आहे. ॲव्रो विमानं एकेक करून सेवेतून बाहेर पडताहेत. मग त्यातलं एखादं मिळवून बडोद्यात चौकात उभं करता येईल का, आणि नसेल तर हा इतिहास जपायचा तरी कसा?

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. लहानपण दांडिया बाजारात गेलं, आता कारेलीबागेत राहतो, नोकरी बँकेत झाली. पण आमचे बाबा ॲव्रोचे इंजिन फिटर. निवृत्त झाल्यापासून मी त्यांच्या विमानांचे कागद नि आठवणी जुळवत बसलोय. त्यात चुकाही भरपूर केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी चौकाचं. अशक्य नाही. हवाई दल निवृत्त विमानं संस्थांना, विद्यापीठांना, पालिकांना देतं, पण तुम्हा-आम्हाला एकट्याला नाही, मागणी संस्थेच्याच नावानं जायला हवी. पण ॲव्रोची लांबी 20 मीटर, पंखांचा पसारा 30 मीटर. रस्त्यानं आणायचं तर पंख उतरवावे लागणार, पुन्हा जोडावे लागणार, आणि ते जोडायला जाणती माणसं लागणार. समजा आणलं. मग पहिला पावसाळा येतो. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पांढरी भुकटी धरते, आणि जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे आधी धरते. पोटाला खाली पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती धुळीनं नि कबुतरांच्या विष्ठेनं बुजतात, की पाणी आतच साचतं. खिडक्या उन्हानं पिवळ्या पडतात. टायर बसतात. वर्षातून दोनदा माणूस आत शिरून साफसफाई करणार असेल तरच या भानगडीत पडा. उद्घाटनाच्या फोटोपुरता उत्साह सगळ्यांकडे असतो.

एका गावात बागेत उभं केलेलं असंच एक विमान मी पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही. नुकतंच रंगवलं होतं, झकास चकचकीत. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्याजवळ नेला नि म्हणाले, "हा नंबर असा नाही." रंगाऱ्यानं शेपटीजवळचा एक आकडाच बदलून टाकला होता. म्हणजे त्या विमानाची ओळख दोनशे रुपयांच्या ब्रशनं पुसली गेली, आणि कुणाला कळलंही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की विमानाचा सांगाडा ही शेवटची गोष्ट. सुरुवात टेल नंबरापासून, म्हणजे विमानावर रंगवलेल्या त्याच्या ओळख-क्रमांकापासून करा. "आजोबा ॲव्रोवर होते" यात इतिहास नाही. "आजोबा अमुक साली अमुक नंबरच्या ॲव्रोवर होते, तेव्हा तिचं डावं इंजिन बदललं होतं", इथून तो सुरू होतो. ट्रंकेतल्या फोटोंमध्ये विमानाच्या अंगावर 'एच'नं सुरू होणारा आकडा दिसतो का, भिंगातून बघा. अगदी जुन्या ॲव्रोंवर 'बीएच' दिसेल. एएन-12 किंवा एएन-32 ही हवाई दलाची दुसरी मालवाहू विमानं असतील, तर पहिल्यावर 'बीएल', दुसऱ्यावर 'के'. अर्धवट दिसत असला तरी लिहून ठेवा, उरलेला आकडा कुठून तरी दुसऱ्या फोटोत सापडतो.

नंबरावरही आंधळा भरवसा नको. दिल्लीजवळच्या हिंडनला 2018 साली जे जुनं डकोटा विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त करून उडत आणलं, 'परशुराम' नाव दिलेलं, त्यावर व्हीपी 905 असा आकडा आहे. 27 ऑक्टोबर 1947ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो आकडा. पण हे विमान ते नव्हे, त्याच्या मानात तो आकडा याला दिलाय. त्यात गैर काही नाही. फक्त पन्नास वर्षांनी एखाद्या मुलानं ते मूळच समजू नये, यासाठी कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

आता ॲव्रोचं थोडं, कारण तुमच्या आजोबांच्या वह्या वाचताना लागेल. विमान मुळात ब्रिटिश, पण आपल्याकडे ते कानपूरला बांधलं. कानपूरचं पहिलं विमान 1 नोव्हेंबर 1961ला उडालं आणि त्याला 'सुब्रतो' नाव दिलं, आदल्याच वर्षी वारलेल्या हवाई दल प्रमुख सुब्रतो मुखर्जींच्या आठवणीनं. एकूण 89 विमानं झाली, त्यातली 72 हवाई दलाला, बाकीची इंडियन एअरलाइन्सला. मालवाहू म्हणतो खरं, पण या विमानानं काय नाही केलं! मंत्री नेले, जवान नेले, वैमानिकांना शिकवलं. एका ॲव्रोच्या पाठीवर मोठी तबकडीसारखी रडार बसवून डीआरडीओनं टेहळणी विमानाचा प्रयोगही केला. 11 जानेवारी 1999ला अरक्कोणमजवळ ते कोसळलं, आठ जण गेले, त्यात चार शास्त्रज्ञ होते. बाबा अजून त्या दिवसाचा विषय निघाला की पाणी मागतात नि उठून जातात.

आणि बडोद्याचा संबंध तर घरचाच. आपल्या इथली 11 क्रमांकाची स्क्वाड्रन, 'ऱ्हायनोज', म्हणजे गेंडे. ॲव्रो वापरणाऱ्यांपैकी ही एक, आणि ॲव्रोच्या जागी येणारं सी-295 पहिल्यांदा मिळालं ते हिलाच, 2023च्या सप्टेंबरात. 56 विमानांचा करार, त्यातली 40 बडोद्यात टाटांच्या कारखान्यात व्हायची. म्हणजे ज्या गावात जुनं म्हातारं झालं, त्याच गावात नवं जन्मणार. असा योग दुसऱ्या गावाला कुठला? तरी आपल्याकडे कुणी दहा म्हाताऱ्या फिटरांना बसवून चार गोष्टी टिपून घेतल्या आहेत का? माझ्या पाहण्यात तरी नाही.

टिपायचं कसं, ते सांगतो. मी पहिल्यांदा बाबांसमोर वही उघडून बसलो नि विचारलं, "कुठल्या साली, कुठे पोस्टिंग, काय काम?" त्यांनी तीन वाक्यांत उत्तर दिलं नि पेपर वाचायला घेतला. दोन वर्षं असंच गेलं. मग एकदा हार्डवेअरच्या दुकानातून मी बारीक स्टीलची तार आणली होती, कुंड्यांना बांधायला. ती त्यांच्या हाती लागली. त्यांनी तिचे दोन पदर धरले नि पक्कडीनं पीळ द्यायला लागले, न बघता. एकसारखा पीळ, दोऱ्यासारखा. म्हटलं हे काय? म्हणाले, "लॉकिंग वायर. नटाला भोक असतं, त्यातून ओवायची. पण कुठल्याही बाजूनं नाही. नट सुटायला लागला, तर तारेनंच त्याला घट्ट ओढलं पाहिजे. उलटी बांधली तर बांधली-न बांधली सारखंच." आणि मग सुटले. तासभर बोलत होते.

ॲव्रोचं डार्ट इंजिन जमिनीवर चालू असताना कशी कानात सुई घालते ती शीळ. मे महिन्यात हवा तापून विरळ झाली की इंजिनाची ताकद पडते, म्हणून उड्डाणाच्या वेळी त्यात पाणी नि मिथेनॉलचं मिश्रण कसं सोडतात, आणि ते भरताना हाताला लागलं की कसं गार लागतं. पहाटे ट्रॉली-ॲक, म्हणजे बॅटऱ्यांची गाडी, ढकलत नेताना कोण गाणी म्हणायचं. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं? तेव्हा प्रश्न नंतर, आधी हातात वस्तू द्या. स्पॅनर, बिल्ला, जुना फोटो, काहीही. तुमचे आजोबा नाहीत, पण त्यांच्या बॅचचे कुणी असतीलच. त्यांना भेटा, तार घेऊन जा. आणि वैमानिकांच्या मागे फार धावू नका, त्यांचं लिहिलेलं मिळतं. प्रत्येक उड्डाण त्यांच्या लॉगबुकात असतं. फिटरचं काम फॉर्म 700 मध्ये जातं, कुठला स्नॅग (बिघाड) होता, कुणी दुरुस्त केला, सही कुणाची. तो फॉर्म सरकारी, तो घरी येत नाही. म्हणून फिटरची स्मृती हाच त्याचा कागद.

कागदांबद्दल माझी सर्वांत मोठी चूक. बाबांची ट्रंक मी तळमजल्यावर पलंगाखाली ठेवली होती. ऑगस्ट 2024ला विश्वामित्री नदी घरात आली, तुम्ही बडोद्याचे आहात म्हणजे जास्त सांगायला नको. (मगरींच्या बातम्या देशभर गेल्या, ट्रंकांची बातमी कोण देणार.) पाणी ओसरल्यावर अल्बम उघडला तर पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. मी खुळ्यासारखं दोन पानं ओढून सुटी केली. आठ जणांच्या फोटोतले तीन चेहरे समोरच्या पानाला चिकटून गेले. ते आता कायमचे गेले.

मग कुणीतरी सांगितलं ते केलं: चिकटलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे, आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, मग चेहऱ्याची बाजू वर करून सुती कापडावर सावलीत वाळवायचे. उन्हात नको, इस्त्री तर नकोच, आणि खाली वर्तमानपत्र नको, त्याची शाई उमटते. सगळे एका दिवसात होईनात, तेव्हा उरलेले मधे बटर पेपर घालून बहिणीच्या घरी फ्रीझरमध्ये ठेवले, मटारच्या पिशवीशेजारी. गोठलेले फोटो थांबून राहतात, नंतर निवांतपणे करता येतात. बहीण अजून ऐकवते.

एक गोष्ट मात्र त्या पुरात शिकलो. फोटोंच्या मागे बाबांनी शाईच्या पेनानं लिहिलेली नावं वाहून निळं पाणी झाली. आईनं पेन्सिलीनं लिहिलेली जशीच्या तशी राहिली. तुम्ही आजच, म्हणजे खरंच आज, फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा: डावीकडून कोण कोण, गाव, अंदाजे साल, नंबर. "अंदाजे" असेल तर तसं लिहा, पक्कं असल्यासारखं लिहू नका.

नावं का म्हणतो? 7 फेब्रुवारी 1968ला चंदीगडहून लेहला निघालेलं बीएल-534 हे एएन-12 विमान 102 माणसांसकट लाहौलच्या डोंगरांत नाहीसं झालं. 2003 साली गिर्यारोहकांना पहिला माग लागला. 2024मध्ये आणखी चौघांचे अवशेष मिळाले, आणि काहींची ओळख त्यांच्याजवळच्या कागदांवरून पटली. 56 वर्षं बर्फात राहिलेला कागद. मालवाहू विमानात कोण बसलं होतं हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. म्हणून तुमच्या आजोबांच्या वहीत उतारूंची किंवा सोबत्यांची नावं असतील, तर ती वही विमानाच्या पंखापेक्षा मोलाची.

स्कॅन करून मूळ वही घरीच ठेवा, प्रत दोन ठिकाणी द्या. दिल्लीला युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये सैन्यदलांच्या इतिहासाचं केंद्र आहे. निवृत्त विमानांची नोंद ठेवणारे 'वॉरबर्ड्स ऑफ इंडिया'चे हौशी लोकही नंबर-फोटो आनंदानं घेतात. सरकारी कागद मात्र सरकारकडूनच येऊ द्या. 2021च्या संरक्षण मंत्रालयाच्या धोरणानुसार जुन्या नोंदी साधारण 25 वर्षांनी खुल्या होऊ शकतात. ट्रंकेत 'गोपनीय' शिक्का असलेलं काही सापडलं तर त्याचा फोटो काढून कुठे टाकू नका, आधी एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला विचारा. आणि हरणीच्या, म्हणजे बडोद्याच्या विमानतळाच्या, धावपट्टीचे, तळाच्या भिंतीपलीकडचे फोटो काढायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

विमान बघायचंच असेल तर एकदा दिल्लीला पालमच्या संग्रहालयात जाऊन या. तिथं उघड्यावर 'पॅकेट' नावाचं जुनं मालवाहू विमान नि एएन-12 उभी आहेत. पॅकेटखाली थोडा वेळ थांबा. याच जातीचं विमान 1962च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर राजे यांनी लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं होतं, 16 हजार फुटांवर. नुसत्या दोन इंजिनांवर ते धजलं नसतं, म्हणून पाठीवर एक जेट इंजिन लादलेलं असायचं. ते वर बघितल्याशिवाय दिसत नाही, नि लोक वर बघत नाहीत.

बाबांकडे त्यांनी हाताळलेल्या अकरा ॲव्रोंचे नंबर एका डायरीत आहेत, दोन आकडे पुरानं पुसट झालेत. तुमच्या आजोबांच्या फोटोत 'एच'नं सुरू होणारा नंबर निघाला तर इथं खाली लिहा. मी त्यांना वाचून दाखवीन. सकाळी चहानंतर त्यांची स्मृती चांगली चालते.