उपाशी पळायचं नाही

प्रिय पोरी,

परवा सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघताच तू म्हणालीस, “मॅडम, चार महिने झाले, पाळीच आली नाही. बरंच आहे ना, स्पर्धेला टेन्शन नाही.” आणि उठून पळायला गेलीससुद्धा. तुझा त्या दिवशीचा पहिला राऊंड माझ्या घड्याळात नाही. बटण दाबायचंच राहिलं. तुला वाटलं असेल, मॅडमचं लक्ष नव्हतं.

तिथेच बोलायला हवं होतं. पण बाकीच्या पोरी होत्या, आणि माझा आवाजही नीट लागला नसता. म्हणून लिहायला बसले. तू जिद्दीची आहेस, कष्टाळू आहेस, वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला ठाऊक आहे. मला एकच सांगायचंय. उपाशी पळायचं नाही.

तू दिवसभरात काय खातेस ते मी गेल्या आठवड्यात गप्पांच्या ओघात तुझ्याकडून काढून घेतलं होतं. पहाटे पावणेसहाला घोटभर चहा. मग सात-आठ किलोमीटर. मग कॉलेज. मधल्या सुट्टीत दोन बिस्किटं. दुपारी घरी वरण-भात. संध्याकाळी परत मैदान. आणि रात्रीची भाकरी बंद, कारण कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय की दोन किलो उतरवलेस तर वेळही उतरेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण 2500 किलोकॅलरी लागतात. तुझं खाणं मी कागदावर मांडलं, हात सैल सोडून मांडलं, तरी ते निम्म्याच्या फार वर गेलं नाही. आणि तेवढ्यावर तू दिवसातून दोनदा पळतेस.

अशा वेळी शरीर काय करतं? आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू यांची सोय लावतं आणि जे आज नसलं तरी चालेल ते बंद करतं. पाळी त्या यादीत पहिली असते. मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच मंदावतो, इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन खाली जातं, पाळी थांबते. स्पर्धेत अडचण नको म्हणून थांबलेली नाही ती. घरात दाणे संपले की चूल विझते, तशी थांबली आहे. आणि त्याच इस्ट्रोजेनवर तुझी हाडं भरत असतात. हाडं भरायची वर्षं फार थोडी, विशीच्या अखेरीपर्यंत जे जमेल तेवढंच. पुढे सगळा खर्च. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या सगळ्या प्रकाराला एक नाव दिलं, रेड-एस. खेळाडूच्या अंगातला ऊर्जेचा तुटवडा, एवढाच त्याचा अर्थ. मला ते नाव कळलं तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती.

1988 मध्ये मी अठरा वर्षांची होते. तुझ्यासारखीच पंधराशे मीटर पळायचे, आणि माझीही पाळी बंद झाली होती. सात महिने. आमच्या घरी तेव्हा चार दिवस बाजूला बसवायचे. वेगळी चटई, वेगळा तांब्या, परसातल्या पडवीत. त्या सात महिन्यांत मी घरभर मोकळी फिरले, देवघरापर्यंत गेले. मैत्रिणी नशीबवान म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं, म्हणून तुझं ते ‘बरंच आहे ना’ ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. हे वाक्य माझं आहे गं.

मग डाव्या नडगीवर दुखायला लागलं. घोट्याच्या वर चार बोटं, रुपयाच्या नाण्याएवढीच जागा. बाकी पाय अगदी ठणठणीत. अंगठ्याने तेवढी जागा दाबली की डोळ्यांत पाणी यायचं. मी कुणाला सांगितलं नाही. रात्री तेल चोळायचे आणि सकाळी पट्टी बांधून पळायचे. निवड चाचणीत शेवटच्या वळणावर आत काटकी मोडावी तसं काहीतरी झालं आणि मी ट्रॅकवर बसले. ज्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं त्यांनी मला सगळं विचारलं. कुठे पडलीस, कशी पडलीस, आधी मुरगळला होता का. पाळी येते का, हे नाही विचारलं. जेवतेस किती, हेही नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, मी परत पळाले, पण घड्याळावर ती वेळ पुन्हा कधी आली नाही. मागच्या वर्षी हाडांची तपासणी केली. आकडा कमी आहे. जिन्यावरून उतरताना मी कठड्याला धरते ते तू पाहिलं असशील.

आणखी एक गोष्ट सांगते, ती सांगणं जड जातंय. प्रशिक्षक झाल्यावर पहिली सहा वर्षं दर सोमवारी मी मुलींना वजनकाट्यावर उभं केलं. भिंतीवर कागद, कागदावर नावं, नावांपुढे किलो. ज्या मुलींचं वजन वाढलेलं असे त्यांना दोन राऊंड जास्त. मला तसंच शिकवलं होतं, शिबिरांतून तसंच सांगायचे, आणि त्या वर्षांत आमच्या मैदानाला पदकं मिळत होती. मग मी काय करायला हवं होतं? पाळी आहे म्हणून मी कुणाला कधी घरी पाठवलं नाही. कुणाच्या आईने आडकाठी केली तर घरी जाऊन समजूत घातली. ते मी केलं, आणि त्या काळात ते कमी नव्हतं. पण एक मुलगी होती. रविवारी रात्री जेवायची नाही, सोमवारचा काटा नीट यावा म्हणून. मला ते दोन वर्षांनी कळलं. तोवर तिने पळणं सोडलं होतं. बाजारात भेटते अजून, वाकून नमस्कार करते. काटा मी भंगारात दिला, पण तिला काय देणार?

तेव्हा वजनाचं पुन्हा माझ्यापुढे बोलायचं नाही, आणि उपाशी पळायचं नाही.

आता खाण्याचं. पहाटे मैदानावर येण्याआधी केळं, नाहीतर शेंगदाण्याचा लाडू, नाहीतर रात्रीची भाकरी दुधात कुस्करून चार घास. ‘पहाटे खाल्लं की मळमळतं’ हे मला सांगू नकोस. अर्ध्या केळ्यापासून सुरुवात कर, पंधरा दिवसांत सवय लागते. पळून झाल्यावर तासाभराच्या आत पोटभर न्याहारी; पोहे असतील तर त्यात दाणे घाल आणि वर लिंबू पीळ. रात्रीची भाकरी आजपासून सुरू. नाचणीची असेल तर उत्तम, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मूग, मटकी, चवळी, हरभरा, दही, ताक, चालत असेल तर अंडं. यात महाग काहीही नाही. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात हे सगळं आहे, तूच ताट बाजूला सारतेस.

लोहाचं जरा नीट समजून घे. पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, 80 च्या वर गेलं तर ते जास्त. त्या रक्ताबरोबर लोह जातं. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला 32 मिलिग्रॅम लोह लागतं आणि आपल्या ताटातलं भाज्या-धान्यांचं लोह अंगी लागायला चिवट. देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, ते उगाच नाही. पालेभाजी, बाजरी, आळिवाचा लाडू, हरभरे हे खाच, पण सोबत लिंबू, पेरू किंवा आवळा हवा, आणि चहा जेवणाला लागून नको. तासभर मागे-पुढे ने. नुसत्या गुळाच्या खड्यावर रक्त भरत नाही. शाळेत आठवड्याला मिळायची ती निळी गोळी तुम्ही पोरी खिडकीबाहेर टाकायचात, हे तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. 60 मिलिग्रॅम लोह होतं त्या गोळीत. जेवणानंतर घेतली असती तर इतकी मळमळ झाली नसती.

पाळी परत सुरू होईल तेव्हाचंही सांगून ठेवते, कारण ती होणार आहे. आधीच्या आठवड्यात भूक वाढते. ती हाव नसते, शरीर तेव्हा खरंच थोडं जास्त जाळत असतं. तेव्हा खा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी पोटात कळ येते ती गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ते काम करतात. त्यांच्यामुळेच काहींना त्या दिवशी जुलाबही होतात. गरम पाण्याची पिशवी धर, पाणी पी, ताक पी. गोळी डॉक्टरांना विचारून घे, आणि तीही रिकाम्या पोटी नाही. मैदानावर ये. चाल, हलकं पळ, अंग मोकळं कर. बऱ्याच जणींची कळ त्यानेच उतरते. नाहीच जमलं तर घरी झोप, मला एक निरोप दे, कारण सांगायची गरज नाही. ज्या दिवशी ताकद वाटेल त्या दिवशी मात्र दुसरा दिवस आहे म्हणून स्वतःला राखू नकोस.

मोबाइलवर तू मला तो तक्ता दाखवलास, महिन्याचे चार भाग, कुठल्या भागात जड व्यायाम, कुठल्या भागात कुठल्या बिया खायच्या. त्या बियांमागे लागू नकोस. सगळ्या बायकांना लागू पडेल असा तक्ता अजून कुणाकडे नाही. पॉला रॅडक्लिफने 2002 मध्ये शिकागोला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला, 2 तास 17 मिनिटं 18 सेकंद, आणि तिच्या पोटात तेव्हा पाळीच्या कळा येत होत्या. मीराबाई चानू 2024 मध्ये पॅरिसला 199 किलो उचलून चौथी आली, कांस्य एका किलोने गेलं, आणि तिने उघडपणे सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा जाणवत होता. दोघीही खऱ्या. तू यांतली कोण, हे तुझी वहीच सांगेल. साधी चाळीस पानी वही. तारीख, रक्तस्राव किती, दुखलं किती, झोप, आणि पळण्याआधी काय खाल्लं. तीन महिने लिही, मग आपण दोघी बसून तुझा तक्ता करू.

घरी आई म्हणते, त्या दिवसांत दही-लिंबू नको, पळू नको. आईशी वाद घालू नकोस, तिला तिच्या आईने तसं सांगितलं. दही-लिंबाने काही होत नाही, ते मी तिच्याशी बोलेन. माझं ती ऐकेल. माझ्याही आईने सांगितलं होतं, आणि माझ्या आईला समजावायला कुणी आलं नव्हतं.

मागच्या वर्षी तू स्पर्धेआधी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून तशीच आणून घेतलीस, हे मला परस्पर कळलं. रागावले नाही तेव्हा, आता रागावते. ती हार्मोनची गोळी आहे. काहींना तिने रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरने आधी प्रश्न विचारायचे असतात. काउंटरवरचा मुलगा ते विचारत नाही. पुन्हा असं करायचं नाही.

पाळी तीन महिने आली नाही की डॉक्टरकडे जायचं असतं, तुझे चार झालेत. तुटवडाच आहे असं मला वाटतं, पण थायरॉइड असू शकतं, पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा विकार असू शकतो, ते तपासूनच कळेल. डॉक्टर तुला गरोदरपणाचीही तपासणी करायला सांगतील. सगळ्यांनाच सांगतात, त्यात अपमान मानू नकोस. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाची तपासणी, करून घे. हिमोग्लोबिन 12 च्या वर दिसलं तरी लोहाची शिल्लक तळाला गेलेली असू शकते. आणि नडगी, पाऊल, कंबर यांत कुठेही नाण्याएवढं दुखत असलं तर ते आत्ता सांग.

जिल्ह्याची स्पर्धा या वर्षी झाली नाही तरी चालेल. हे लिहिताना माझा हात थांबला होता, कारण माझ्या मैदानावर सध्या तुझ्याइतकं चांगलं कुणी पळत नाही, आणि मला ते पदक हवं आहे. तरीही लिहिते.

सोमवारी सहाला येऊ नकोस. साडेआठला माझ्या घरी ये, आईला घेऊन ये. इथे न्याहारी करू आणि मग दवाखान्यात जाऊ. नंबर लावून ठेवला आहे. रक्त उपाशीपोटी द्यायला सांगितलं तर तेवढ्यापुरती मुभा. डबा माझ्या पिशवीत असेल, सुई निघाली की तिथेच बाकावर बसून खायचं.

तुझी,
मॅडम