पीककर्जासाठी जमीन गहाण ठेवावी का?

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेत दीड लाखाच्या पीककर्जासाठी अर्ज केला असता शाखाधिकारी जमिनीचे गहाणखत मागतात आणि अर्जाची पोचही देत नाहीत. काय करावे?

उत्तर : रिझर्व्ह बँकेने विनातारण कृषी कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली असल्यामुळे, जुनी शेतीकर्जे धरूनही तुमची एकूण रक्कम या मर्यादेत बसत असेल, तर गहाणखताची मागणी नियमाला धरून नाही. उभ्या पिकाचे तारण मात्र बँक घेऊ शकते. पेरणी तोंडावर आलेल्या शेतकऱ्याला असे अडवणे अन्यायाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पोच मिळणे हा तुमचा हक्क आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शाखेचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. नकार मिळाल्यास अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून त्याची पावती सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत जपून ठेवा. त्यानंतर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.