बागेत बसणारे पिणारे : एक अर्ज नको, तीन करा

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. वाईन शॉपसमोरच्या फुटपाथवर आणि शेजारच्या महापालिकेच्या बागेत रोज रात्री टोळकं बसतं, ते उठवायचं कसं? आणि लेस्टरला राहणारा तुमचा भाऊ म्हणतो तसा 'इथे दारू प्यायची नाही' असा पट्टा आपली महापालिका जाहीर करू शकते का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते एका शब्दाचं आहे. नाही.

भावाचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने कौन्सिलला, म्हणजे तिथल्या महापालिकेला, एखाद्या सार्वजनिक जागेपुरता तसा आदेश काढता येतो. तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा, पुढे वाढवता येतो. मात्र त्या पट्ट्यात नुसती बिअर पिणं हा गुन्हा होत नाही. पोलीस किंवा कौन्सिलचा अधिकृत माणूस म्हणाला, "पिणं थांबवा, बाटली इकडे द्या," आणि समोरच्याने ऐकलं नाही, की गुन्हा. २०१४ च्या मूळ कायद्यात जागेवरचा दंड १०० पौंडांपर्यंत होता.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. कागदावर बघाल तर अख्ख्या राज्यात परवान्याशिवाय घोटही घेता येत नाही. म्हणजे कडकपणाची कमी नाही; फक्त तो कायदा महापालिकेच्या हातात नाही. दुकानाचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खातं आणि जिल्हाधिकारी बघतात, पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला पोलीस बघतात. वॉर्ड ऑफिसात 'दारूचा त्रास' म्हणून अर्ज दिलात तर 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' असं उत्तर येतं. मला आलं होतं, तेही चार महिन्यांनी.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आमची पहिली दोन वर्षं वाया गेली, कारण आम्ही एकच लांबलचक अर्ज लिहून सगळ्या ऑफिसांत फिरवायचो आणि प्रत्येकजण तो दुसऱ्याकडे ढकलायचा. नंतर तीन वेगळे अर्ज केले. माणसांचा पोलिसांना, दुकानाचा उत्पादन शुल्कला, जागेचा महापालिकेला. एकाचा विषय दुसऱ्यात येऊ द्यायचा नाही.

पोलिसांचं थोडक्यात सांगतो. दारू पिऊन सार्वजनिक जागी लोकांना त्रास दिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ लागतं. २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. (जुन्या दंडसंहितेत हाच दंड १० रुपये होता. चखण्याची पुडी त्याहून महाग!) शिवाय दारूबंदी कायद्याचं कलम ८५ आहेच. ११२ ला फोन करताना 'दारू पितात' एवढंच सांगू नका. किती जण, नेमके कुठे, काय करतायत, शिवीगाळ आहे का, बायकांना जायला वाट आहे का, हे सांगा. जे घडतंय तेवढंच, तिखटमीठ न लावता. वहीत तारीख-वेळ टिपून ठेवा. फोटो रात्री काढायला जाऊ नका, सकाळी रिकाम्या बाटल्यांचे काढा.

आता खरी गोष्ट. त्या सकाळच्या फोटोंमुळेच आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मेंदीच्या कुंपणात क्वार्टरच्या बाटल्या, बाकाखाली प्लास्टिकचे ग्लास, पाण्याचे फाटके पाऊच आणि प्रत्येक ठिकाणी त्याच लाल शेजवान चटणीने माखलेल्या कागदी प्लेटा. माणसं वाईन शॉपमुळे येत होती, पण बसत होती बागेच्या गेटावरच्या चायनीजच्या गाडीमुळे. ग्लास गाडीवालाच द्यायचा, पाणी तोच, मागे दोन स्टुलंही टाकायचा. परवाना नसताना गिऱ्हाइकाला असं प्यायला बसवणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दारूचा गुत्ता: चालवणाऱ्याला दारूबंदी कायद्याचं कलम ६८, पिणाऱ्याला ८४. ढाब्यांवर धाडी पडतात त्या याच कलमांखाली. उत्पादन शुल्कच्या अर्जात आम्ही हे लिहिलं. वाईन शॉपला सीलबंद बाटली विकायचाच परवाना असतो, काउंटरशेजारी पिऊ देता येत नाही, हेही लिहिलं.

आणि महापालिकेच्या अर्जात दारू हा शब्दच घातला नाही! विनापरवाना गाडी, बागेतला आठ महिने बंद दिवा, छातीएवढी वाढलेली मेंदी, रात्री उघडं राहणारं गेट. हे सगळं त्यांचंच काम, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. मुंबई महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार केली, तिचा क्रमांक अर्जावर टाकला. गाडी दोनदा उचलली गेली, दोनदा परत आली, तिसऱ्यांदा आली नाही. दिवा लागला त्या आठवड्यात गर्दी निम्म्यावर आली. कोपऱ्यातला बाकही हलवून रस्त्यालगत लावला. त्यावर तळमजल्यावरचे नाना अजून माझ्यावर डाफरतात, कारण संध्याकाळची सावली त्या कोपऱ्यातच होती. त्यांचं चूक नाही.

दुकानच बंद करायचं मनात असेल तर 'आडवी बाटली'चा, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी मतदान मागायचा, मार्ग आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर पडताळणी होऊन मतदान घेतलं जातं. गावात हे जमतं. मुंबईचा एक प्रभाग म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, तेव्हा हजारो सह्या गोळा करायची तयारी असेल तरच हात घाला. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा वाईन शॉपला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. ते नव्या दुकानांपुरतं. तुमचं जुनं आहे, त्यामुळे त्यात अडकू नका.

आमच्याकडे सगळं थांबलं का? नाही. चौघेजण आता नाल्यापलीकडच्या कट्ट्यावर बसतात. मागच्या महिन्यात तिकडच्या सेक्रेटरींचा फोन आला, आवाज चढलेला होता. त्यांना तिन्ही अर्जांचे नमुने व्हॉट्सअॅपवर पाठवलेत. तुम्हालाही पाठवतो, पण आधी सकाळी एक चक्कर मारून प्लेटा कुणाच्या आहेत ते बघा.