टू-स्ट्रोक बाइकचं हेड घासून पिकअप वाढतो का? किती घासावं?

वाढतो, पण आधी स्क्विश मोजा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या कडेची आणि हेडमधली फट. प्लगच्या भोकातून 2 मिमीची सोल्डर तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला आणि इंजिन हाताने टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) पलीकडे फिरवा. तार गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेतच हवी, नाहीतर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. दोन्ही बाजूंनी दाबलेलं टोक व्हर्नियरने मोजा. 125 सीसीच्या आसपास साधारण 1 मिमी ठीक; फट त्याहून जितकी जास्त, तेवढंच घासायचं. 0.8 च्या खाली जाऊ नका. जास्त आरपीएमला रॉड ताणला जातो आणि पिस्टन हेडला टेकतो.

आता हिशोब. बोअर 54 मिमी असेल तर 0.5 मिमी फेसिंगने (हेडचा सपाट भाग कापल्याने) सुमारे 1.15 सीसी जागा कमी होते. 125 सीसीला 10:1 असलेलं कॉम्प्रेशन तेवढ्याने जेमतेम 10.8:1 होतं. खरा फायदा आकड्यापेक्षा घट्ट स्क्विशचा: कडेचं मिश्रण मध्यभागी ढकललं जातं, ज्वलन लवकर आटोपतं.

काम लेथवरच करून घ्या, कानस नको. स्क्विशचा उतार पिस्टनच्या माथ्याशी समांतर राहिला पाहिजे. फेसिंगनंतर हेडची कड पिस्टनला कुठे अडत नाही ना, तेही बघा. शेवटी जाड काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा. नट तिरपे-समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळा.

नंतर चढावर टिकटिक ऐकू आली, किंवा पिस्टनच्या कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर ते डेटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट न जळता स्फोटासारखं पेटतंय. इग्निशन टायमिंग 1-2 अंश मागे घ्या (ठिणगी थोडी उशिरा), कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा टाका.